प्रतिसाद: अंकांची अदलाबदल आणि मराठी संख्यानामे

क्रेमरची पद्धत (दोन चलांतली समीकरणे निश्चयकांनी सोडवण्याची रीत) पक्की झाली की शाब्दिक उदाहरणे सुटतात, हे वर आलेले मत मला पटत नाही. मुले अडतात ती समीकरण मांडताना. परळला शेजारच्या दहावीतल्या मुलीला शिकवताना हे उदाहरण घेतलं: दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज 9, अंकांची अदलाबदल केल्यावर संख्या 27 ने वाढते. तिने एककस्थानी x, दशकस्थानी y मानले, पण संख्या 10y + x ऐवजी लिहिली 10x + y. x = 3, y = 6 आले, म्हणून दशकस्थानी 6 ठेवून उत्तर काढलं 63. खरं उत्तर 36.

आपण 'छत्तीस' म्हणताना आधी सहा उच्चारतो, मग तीस. गोंधळ तिथलाच असावा, असं मला वाटतं. आणि ताळा समीकरणात घेतला तर चूक सापडतच नाही, कारण x = 3, y = 6 तिथे चपखल बसतात! ताळा मूळ वाक्यातच घ्यायला लावा.