दोन विमानांच्या मधल्या वेळात पाहिलेलं गाव : तुमचेही अनुभव लिहा

वेंगुर्लेकरीण
काल संध्याकाळी बंदराकडे गेले होते. वाळत घातलेल्या बांगड्यांचा वास नाकात गेला आणि एकदम श्रीलंकेतलं नेगोंबो आठवलं.

२०१८ चा फेब्रुवारी. लेकीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला निघालो होतो, वाटेत कोलंबोला विमान बदलायचं. सकाळी उतरलो, पुढचं विमान रात्रीचं. हे म्हणाले, खुर्च्या आहेत, बसू. मी म्हटलं, अख्खा दिवस खुर्चीत काढायला मी घरातून निघालेले नाही. ट्रान्झिटचा ईटीए, म्हणजे तिथे बाहेर पडायचा प्रवेश-परवाना, घरूनच ऑनलाइन काढून ठेवला होता. मोठ्या बॅगा परस्पर पुढे जाणार होत्या, हातात एक पिशवी. विमानतळ कटुनायकेला आहे. तिथून कोलंबो शहर लांब पडतं, नेगोंबो मात्र दहाएक किलोमीटरवर. रिक्षा केली नि गेलो.

किनाऱ्यावर काथ्याच्या चटया पसरलेल्या, त्यांवर खारवलेली मासळी, नजर जाईल तिथपर्यंत. बायका ओणव्या होऊन एकेक मासा उलटत होत्या. मी बघत उभी राहिले तर एकीने बाजूला बसायची खूण केली. भाषा ना तिची मला, ना माझी तिला. तिच्याजवळच्या डब्यात काळी, सुरकुतलेली आंबट फोड होती. तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. गोरका म्हणतात तिला, तिकडे माशाच्या कालवणात घालतात. प्रवासात मळमळतं म्हणून माझ्या पर्समध्ये आमसुलं होती, त्यातलं एक मी तिला दिलं. तिने तोंडात टाकलं, एक डोळा गच्च मिटला आणि असं काही खळखळून हसली! गोरका आणि आपला आमसुलांचा रातांबा एकाच गार्सिनिया कुळातले, हे मला पुढे जावयाने सांगितलं.

मेलबर्नचं पुष्कळ काही विसरले, ती बाई विसरले नाही. तुम्ही कोणी असे मधल्या वेळात बाहेर पडला आहात का? लिहा ना.

दाभोळचो
दुबई. ७ तास होते. ट्रान्झिट व्हिसा आधीच विमान कंपनीमार्फत काढला होता, तो नसेल तर नुसत्या भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायचा विचार करू नका. टर्मिनल ३ मधूनच मेट्रो मिळते. क्रीकवर, म्हणजे तिथल्या खाडीवर उतरलो, १ दिरहॅम देऊन अब्रात, म्हणजे छोट्या होडीत बसलो आणि देराहून बुर दुबईला गेलो. इंजिनाचा फटफट आवाज, डिझेलचा वास, पाण्याला टेकलेली माणसं. मला तर आपली दाभोळ-धोपावे फेरीच वाटली. धक्क्याला लाकडी गलबतं लागलेली आणि फ्रीज, टायर, पोती सगळं उघड्यावर रचलेलं. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. त्यांना हे दाखवता आलं असतं तर! तिथेच अर्धा तास बसून राहिलो, उंच इमारत एकही बघितली नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

सोलकढी
काकू, आमसुलाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी आईपण पर्समध्ये ठेवायची.

कुडाळचो झील
ताई, बांगड्याचो वास सांगलास आणि माझ्या तोंडाक पाणी सुटला. मी विमानात अजून बसाक नाय, पण मडगावाक गाडी बदलूची होती तेव्हा पाच तास मिळालेले. आवशीक घेऊन बाजारात गेलंय. तिका तांब्याची घागर आवडली. ती उचलून गाडयेत चढलंव. घागर अजून न्हाणयेत आसा. आवस नाय.

वेंगुर्लेकरीण
@कुडाळचो झील, असूं दे रे बाबा. हा अनुभवही इथलाच. विमानच हवं असं काही नाही.

रत्नांग्री
एक सांगावंसं वाटतं, कारण मला भोवलंय. आखातातून कोचीमार्गे येत होतो, मध्ये ६ तास. फोर्ट कोचीची चिनी जाळी बघायची लहानपणापासूनची इच्छा. पण विमानतळ नेदुंबासेरीला, फोर्ट कोची तिथून चाळीसएक किलोमीटर. जाताना दीड तास, येताना रस्ता तुंबलेला. माझी दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली होती, त्यामुळे सामान मीच घेऊन हिंडत होतो आणि विमान चुकलं. दुसरी कंपनी थांबणार का? नवं तिकीट काढावं लागलं, महिन्याच्या बचतीला भोक. म्हणून सांगतो, वेगळी तिकिटं असतील तर लांब जाऊ नका. आलुवा जवळ आहे, पेरियारच्या काठावर बसा, सुरेख आहे.
जाळी मात्र बघितली. चार-पाच जण दोर ओढतात, पलीकडे दगडांची वजनं टांगलेली, आणि एवढं मोठं जाळं अलगद वर येतं. आतमध्ये मूठभर मासळी.

हर्णै बंदर
मूठभरच? आमच्याकडेपण हल्ली तेच.

नर्सबाई देवगड
ड्युटीवरून आले, घाईत लिहितेय. सिंगापूर, ऑस्ट्रेलियाहून परत येताना. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा चालू होता म्हणून ९६ तासांची ट्रान्झिट सवलत मिळाली. तिचे नियम निघायच्या आधी नीट वाचा. चांगी विमानतळावरून मेट्रोने लिटल इंडिया, टेक्का मार्केट. पापलेट बघितलं, भाव विचारला, गप्प परत ठेवलं. 😄 केळीच्या पानावर जेवले. परतल्यावर विमानतळाच्या ज्वेल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा बघितला. सगळे फोटो काढत होते, मला आंबोली आठवत होती. आषाढातली.
कुलुपाचं लॉकर शोधण्यात वेळ घालवू नका, सामान ठेवायला काउंटर असतो.

सोलकढी
मे महिन्यात माझंपण जायचं ठरतंय, दोह्यामार्गे, सोबत सासूबाई. व्हीलचेअर सांगितली आहे. बाहेर नेता येईल का?

नर्सबाई देवगड
ती खुर्ची विमानतळाची असते गं, शहरात फिरवायला मिळेल असं धरून चालू नकोस. आणि सासूबाईंना विचार आधी, पाय सुजतात फार वेळ बसून. एकटी असतीस तर दोह्याच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफला जा म्हटलं असतं, ससाणे विकायला बसलेले असतात, डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून. परतताना उड्डाणाच्या ३ तास आधी दारात हवं, हे मात्र सगळ्यांनाच.

दाभोळचो
आणि पुढचा बोर्डिंग पास पहिल्याच विमानतळावर मागून घ्या. तो खिशात असला की पाय निवांत पडतात.

हर्णै बंदर
वेंगुर्लेकरीण ताई, यंदा आमसुलं घालणार का? दोन किलो हवी होती.

वेंगुर्लेकरीण
रातांबे पिकू देत. यंदा मोहर उशिरा आला. सालींना रसाची पुटं नीट बसायला कडक ऊन लागतं, पाऊस लवकर आला नाही तर मेअखेर देईन. सोलकढी, तुझ्यासाठीपण अर्धा किलो बाजूला ठेवते, सासूबाईंच्या पर्समध्ये घाल.

कुडाळचो झील
माका नको, आमच्या परड्यात झाड आसा. पण ताई, त्या बायेक परत भेटलंस काय?

वेंगुर्लेकरीण
नाही रे. परतीचं विमान सिंगापूरमार्गे होतं.