मदत हवी आहे: पाण्याचा रिपोर्ट चांगला, मग व्हाळातले किडे आणि कुर्ल्या गेल्या कुठे?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव देवगड तालुक्यात. गावातला व्हाळ राईपाशी उगम पावतो, आंबा-काजूच्या कलमांमधून साकवापर्यंत येतो आणि पुढे खाडीला मिळतो. माझे काका सांगतात, "पयलां हयसर दगड उचललो काय कुर्ली गावायची." आता साकवाखाली तासभर हात घातला तरी कुर्ली नाही, कोळंबी नाही.

म्हणून पाणी लॅबमध्ये तपासून आणलं. पीएच 6.7, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 6.8 मिलिग्रॅम. मासे आणि वन्यजीवांसाठी ऑक्सिजन किमान 4 असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. शेवाळामुळे दिवसा ऑक्सिजन वाढतो आणि रात्री उतरतो, असं वाचलं होतं. म्हणून किट घेऊन उजाडायच्या आत परत मोजला. तेव्हाही 6 च्या खाली गेला नाही.

गेल्या रविवारी पुतण्याला घेऊन राईखाली गेलो. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी शिवली होती. ती प्रवाहात धरायची, वरच्या अंगाला 3 मिनिटं पायाने दगड ढवळायचे आणि जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. ट्रेमध्ये मेफ्लाय नावाच्या, पाण्यात वाढणाऱ्या कीटकाची पिल्लं आली. शेपटीला तीन लांब केस, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले, आणि ते सतत हलत होते. एका दगडाला वाळूचे कण चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी होती. पुतण्या म्हणाला कचरा आहे, तेवढ्यात त्यातून डोकं बाहेर आलं. ती कॅडिसफ्लाय या अशाच दुसऱ्या कीटकाची अळी. दोन शेपट्यांचा स्टोनफ्लाय हा तिसरा कीटकही मिळाला. एवढं राहतं घर आपल्या दारात आहे, हे मला चाळिशीत कळलं.

साकवाखाली तेच सगळं केलं. मिळाल्या गोगलगायी, जळवा आणि गांडुळासारखे बारीक किडे. मेफ्लाय एकही नाही.

ऑक्सिजन भरपूर असताना असं का व्हावं? पाण्यात कोणते किडे सापडतात त्यावरून पाण्याचा दर्जा ठरवणारी, ब्रिटनमध्ये तयार झालेली बीएमडब्ल्यूपी नावाची गुणांची पद्धत आहे. तिच्यात स्टोनफ्लायच्या कुळांना 10 पर्यंत गुण मिळतात आणि गांडूळवर्गीय किड्यांना 1. कोकणातल्या व्हाळाला ती लावता येईल का? ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीपुढे हे मांडायचं आहे. नुसतं "व्हाळ बिघडला" म्हणून कुणी ऐकणार नाही.

प्रतिसाद १

आधी एक विचारतो. साकवाखाली जाळी धरली ती जागा बंधाऱ्याच्या फुगवट्यात येते का? मेफ्लाय-स्टोनफ्लाय खळखळत्या, दगडांच्या पाण्यातले. पाणी थांबलं, दगडांमधल्या फटी गाळाने बुजल्या, की प्रदूषण नसतानाही ते राहत नाहीत. वर चिरेखाण असेल तर तांबडा गाळही तेच करतो. खळखळाटाची तुलना खळखळाटाशीच करा, एकाच दिवशी. तुम्ही पाऊस गेल्यावर पाहिलंत हे बरं केलंत. भर पावसात पुराने सगळंच वाहून गेलेलं असतं.

ब्रिटिश गुण जसेच्या तसे उचलू नका. तिथली कुळं आणि आपली कुळं सारखी नाहीत. प्रदूषण मंडळाची याच धर्तीची भारतीय पद्धत आहे, ती बघा. पण तुमच्या कामाला त्याहून उपयोगी आहे तुमचाच वरचा राईचा तुकडा. निरोगी व्हाळ कसा असतो, याचं माप तोच.

प्रतिसाद २

गोगलगायी आणि जळवा जिवंत, पण कीटक, कुर्ल्या, कोळंबी गायब. या यादीवरून मला फवारणीचा संशय येतो. आंब्यावर मारतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं कीटकांना आणि कवचवाल्या प्राण्यांना अतिशय विषारी असतात. गोगलगायींना त्यांचा तेवढा त्रास होत नाही. तुमच्याकडे व्हाळावर पंप धुतात का? ही औषधं पाण्यात टिकून राहत नाहीत, गाळाला चिकटतात. म्हणून पाण्याच्या साध्या रिपोर्टमध्ये ती दिसणारच नाहीत. गाळ तपासा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल परत गेलो. पहिली जागा खरोखरच फुगवट्यात होती, ती चूक माझी. त्यामुळे या वेळी फक्त खळखळाटाच्या दोन जागा घेतल्या. बंधाऱ्याच्या वर 20 दगड उलटले, 14 दगडांवर मेफ्लाय. बंधाऱ्याच्या खाली तसेच 20, एकावरही नाही.

आणि हो, पंप बंधाऱ्यावरच धुतात. आमच्या बागेचा पंपही तिथेच धुतला जातो, आजवर मीच धूत आलो. मोहराच्या हंगामात तर आठवड्यातून कितीतरी वेळा. कालपासून आमचा पंप बागेतच, व्हाळापासून लांब खड्डा करून धुवायला घेतलाय. शेजारच्या दोन बागायतदारांशी बोललो, त्यातला एक तयार झाला.

वरच्या राईतून किडे वाहत खाली येतात, म्हणजे विष थांबलं तर खालचा व्हाळ परत भरेल, असं मला वाटतं. हे बरोबर आहे का आणि साधारण किती पावसाळे लागतील? शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात कीटकनाशकांसाठी गाळ तपासून देणारी लॅब कुणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा. उन्हाळ्यात व्हाळ आटतो, त्याआधी नमुना घ्यायचा आहे.