आमदाराची टर्म पाच वर्षं: जास्त, कमी, की आधी तारीख तरी पाळा?

तापीकाठ (अमळनेर)

'एक देश, एक निवडणूक'वर घरोघरी वाद झाले, पण सगळे खर्च आणि आचारसंहिता यांवरच. डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत मांडलेल्या 129 व्या घटनादुरुस्ती विधेयकातली मला खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. विधानसभा मध्येच बरखास्त झाली तर पुढची निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीपुरती. साडेतीन वर्षांनी सरकार पडलं तर नवं सरकार दीड वर्षाचं. तेवढ्यात ते करणार काय आणि आपण जाब विचारणार कशाचा?

माझं म्हणणं असं की टर्म लांब की आखूड, हा वाद नंतरचा. आधी ठरल्या तारखेला निवडणूक व्हायला हवी. घटनेचं कलम 243-ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण करायची. इतकं स्पष्ट लिहिलेलं असून जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या.

या काळात गावची गटार तुंबली तर ग्रामसेवक बीडीओकडे (गटविकास अधिकारी) बोट दाखवणार, बीडीओ जिल्ह्याकडे. गटाचा जिल्हा परिषद सदस्य माजी झालेला, तो हात वर करून मोकळा. विधान परिषदेवरही त्याचा परिणाम झाला. स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मतदार असतात. 2022 च्या अखेरीस जळगावची ती जागा रिकामी झाली, पण भरणार कशी? मत द्यायला सदस्यच उरले नव्हते.

केळीबाग (रावेर)

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पण अर्धंच. तारखा पाळल्या तरी पाच वर्षं फार होतात. निवडून आला की साडेचार वर्षं गडी दिसत नाही, शेवटच्या सहा महिन्यांत लग्नाला, तेराव्याला, भागवत सप्ताहाला हजर. न्यूझीलंडमध्ये संसदेची मुदत तीन वर्षं. चार करू का, म्हणून तिथे 1967 आणि 1990 मध्ये लोकांना विचारलं, दोन्हीदा लोकांनी साफ नाही म्हटलं.

लांब कशाला जायचं? बऱ्हाणपूर आमच्या शेजारी. मध्य प्रदेशच्या कायद्यात नगराध्यक्षाला परत बोलवायची सोय आहे. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी मागणी केली की लोक मत देतात, 'खाली कुर्सी' (हटवा) की 'भरी कुर्सी' (राहू द्या). आपल्याकडे आमदाराला अशी खुर्ची का नको?

पांझराकाठ (धुळे)

तीन वर्षांच्या टर्मला माझा ठाम विरोध. आपल्या भागाचा प्रश्न पाण्याचा, आणि पाण्याचं काम तीन वर्षांत होत नाही. तापीवरचं पाडळशाचं धरण नव्वदच्या दशकात हाती घेतलेलं, पुरं न झालेलं. 1999 पासून 2024 पर्यंत विधानसभेच्या सहा निवडणुका झाल्या, प्रत्येकीत ते जाहीरनाम्यात. टर्म आखूड केलीत तर नारळ फोडणारे वाढतील, भिंत बांधणारे नाहीत. मी तर सहा वर्षं द्या म्हणेन.

केळीबाग (रावेर)

सहा वर्षं देऊन झालीत, दादा. आणीबाणीत 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची आणि विधानसभांची मुदत सहा केली होती. 44 व्या दुरुस्तीने ती परत पाचवर आणावी लागली.

आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजनेचं भूमिपूजन कधी झालं ते आठवा. फेब्रुवारी 2019, एप्रिलात लोकसभेचं मतदान. निवडणूक जवळ आली म्हणूनच हाललं ना? मग ती लवकर लवकर येऊ द्या की.

पांझराकाठ (धुळे)

भूमिपूजन हाललं. पाणी नाही हाललं.

माजी सदस्य (चोपडा तालुका)

परत बोलवायचं म्हणणाऱ्या भाऊंनी अविश्वास ठराव जवळून पाहिलेला दिसत नाही. मी ग्रामपंचायतीत होते. तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. ठरावाची कुणकुण लागली की सदस्य सहलीला. गाडी रात्री लागते, मोबाइल काढून घेतात, मतदानाच्या सकाळी थेट सभागृहाच्या दारात उतरवतात. त्यात गावच्या कामाचा शब्दही निघत नाही. वर सव्वा-सव्वा वर्षाचा करार, म्हणजे पाच वर्षांत चार सरपंच. नळयोजना का रखडली विचारलं की प्रत्येक जण आधीच्याचं नाव घेतो.

थेट सरपंच 2017 मध्ये आला, 2020 मध्ये गेला, 2022 मध्ये परत आला. सरकार बदललं की पद्धत बदलते, मग लोकांना सवय तरी कशाची लागणार?

माझ्या मते खरी जागा ग्रामसभा. तिला शंभर किंवा पंधरा टक्के मतदार लागतात, यांतला जो आकडा कमी तो. पहिल्या दिवशी मुद्दाम कोणाला सांगायचं नाही, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग सात-आठ जणांत विषय मंजूर आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी. आमच्या दारात ते संध्याकाळी यायचं, शिपाई म्हणायचा, "ताई, इथे करा." वरच्या पानावर काय लिहिलंय ते पाहू द्यायला त्याची तयारी नसायची. कायद्यातली ही एक अट बदला, टर्म पाच असो की तीन.

सातपुडा (धडगाव)

ताईंशी सहमत. आमच्याकडे तर आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, 1996 चा. त्याचे राज्याचे नियम यायला 2014 उजाडलं. अठरा वर्षं अधिकार कागदावर, टर्म कितीही असली तरी.

पण आमदाराचं राहूनच गेलं. घटनेत अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर नको एवढंच आहे. सभागृह वर्षाला किती दिवस बसावं याचा आकडा नाही. शिवाय 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर आमदार व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत देऊ शकत नाही, दिलं तर आमदारकी धोक्यात. तो मतदाराला घाबरणार की पक्षाला? खान्देशात विधानसभेच्या वीस जागा, वीसही जण व्हिपला बांधलेले.

केळीबाग (रावेर)

व्हिप सैल करा म्हणता? मग सहल ग्रामपंचायतीतून थेट विधानसभेत जाईल, ताईंना विचारा. आताच काही कमी आहे का?

तापीकाठ (अमळनेर)

व्हिप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा, बाकी विधेयकांवर मोकळीक, हा पर्याय अधूनमधून मांडला जातो. तेवढ्याने सहल वाढणार नाही, कारण सहल सरकार पाडण्यासाठी असते, आणि तिथे व्हिप राहतोच.

माजी सदस्य ताई, तहकूब सभेला गणपूर्ती लावली आणि दुसऱ्यांदाही लोक जमले नाहीत, तर गावचा आराखडा अडकणार. त्याचं काय करायचं?

माजी सदस्य (चोपडा तालुका)

अडकू द्या एकदा. नळाला पाणी आलं नाही की येतील सभेला.