पिसांवरील ‘व्हर्मिक्युलेशन’ म्हणजे नेमके काय?

पाणथळवाटा: एका पक्षिमार्गदर्शिकेत गडवाल बदकाच्या नराच्या छातीवर आणि कुशीवर ‘व्हर्मिक्युलेशन’ असते असे वाचले. शब्दकोशात ‘कृमीसारखी नक्षी’ एवढाच अर्थ सापडला. परंतु ठिपके, पट्टे किंवा खवल्यांसारखी नक्षी यांपासून ती वेगळी कशी ओळखावी आणि बदकाच्या वर्णनात कृमी आला कोठून, हे उमगले नाही. मराठीत काय म्हणावे?

टिपणकार: लॅटिनमध्ये ‘व्हर्मिस’ म्हणजे कृमी आणि ‘व्हर्मिक्युलस’ म्हणजे लहानसा कृमी. पिसावर अतिशय बारीक, दाट, नागमोडी आणि मध्येच तुटणाऱ्या रेघा असल्या, म्हणजे सलग पट्टाही नाही आणि सुटा ठिपकाही नाही अशी स्थिती असली, की हा शब्द वापरतात. पिनटेल बदकाच्या नराच्या करड्या कुशीवरही अशाच रेघा असतात. मादीच्या पिसांना फिकट कडा असल्याने ती खवलेदार दिसते. विणीनंतर नराची पिसे गळून तोही काही काळ मादीसारखा दिसतो.

वास्तुकलेतही हा शब्द आहे. तेथे दर्शनी दगडावर कीड लागल्यासारख्या वेड्यावाकड्या खाचा मुद्दाम काढतात. लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरमधील १८व्या शतकातील घरांच्या दारांभोवती असे ठोकळे आहेत (तेथे मात्र दगड कृत्रिम आहे). मराठी वर्णनात ‘बारीक नागमोडी रेघा’ पुरेसे आहे. ‘कृमिरेखित’ घडवता येईल, पण वाचकाला ते पुन्हा समजावून सांगावे लागेल.

जुनीपोथी: इटालियन शेवयांचे ‘व्हर्मिचेल्ली’ हे नाव आणि ‘व्हर्मिलियन’ हा रंगही त्याच कुळातले आहेत. लाल रंग देणाऱ्या किड्याला ‘व्हर्मिक्युलस’ म्हणत. पुढे ते नाव हिंगुळाच्या रंगाला चिकटले. आपला ‘किरमिजी’ही किड्यावरूनच आलेला असल्याने, ‘कृमी’ आणि ‘व्हर्मिस’ हे एकच शब्द मानावेत.

टिपणकार: ‘किरमिजी’ फारसीतून आला आणि त्याचे नाते ‘कृमी’शी आहे, हे मान्य. ‘व्हर्मिस’ मात्र इंग्रजी ‘वर्म’चा भाऊबंद आहे. ‘कृमी’मधील ‘क’च्या जागी लॅटिनमध्ये ‘क’ किंवा ‘क्व’ अपेक्षित असतो, ‘व’ नव्हे; त्यामुळे अर्थ आणि शेवट जुळले तरी दोन्ही शब्दांची आद्यरूपे वेगळी मानली जातात.

पाणथळवाटा: आभारी आहे. म्हणजे उजनीवर दुरून गडवाल नुसता करडा दिसतो तो या रेघा एकमेकींत मिसळल्यामुळे, आणि तेथे ओळख पटवण्यासाठी काळे बूड व पंखावरील पांढरा चौकोनच पाहावा लागेल.