शब्दचर्चा: ‘अल्गोरिदम’ला मराठीत काय म्हणावं?

कोपरीकर: संगणकशास्त्रावरच्या एका मराठी लेखात ‘अल्गोरिदम’साठी ‘कलनविधी’, ‘कार्यपद्धती’ आणि ‘आज्ञावली’ असे तीन शब्द एकाच पानावर आलेत. कोणता ठेवावा?

घणसोली: ‘आज्ञावली’ आधी काढा. ती म्हणजे प्रोग्रॅम. अल्गोरिदम ही त्यामागची रीत. ती पायथन या संगणकभाषेत लिहा, जावात लिहा, नाहीतर पाटीवर करा. शाळेतला मसावि घ्या. २५२ आणि १०५: २५२ ला १०५ ने भागलं, बाकी ४२. १०५ ला ४२ ने, बाकी २१. ४२ ला २१ ने, बाकी ०. मसावि २१. युक्लिडच्या ग्रंथातली, दोन हजार वर्षांहून जुनी रीत, आणि शंभर टक्के अल्गोरिदम. प्रत्येक पायरी नेमकी आहे, आणि बाकी दरवेळी लहान होत जाते म्हणून ती कधीतरी संपणारच. हे संपणं महत्त्वाचं. न संपणाऱ्या पायऱ्यांना अल्गोरिदम म्हणत नाहीत.

नेरूळ_पूर्व: ‘कलनविधी’ हिंदीच्या वळणाचा आहे. मराठी गणितात ‘कलन’ म्हटलं की डोळ्यांसमोर अवकलन-संकलन, म्हणजे कॅल्क्युलस, येतं. ‘कार्यपद्धती’ला परिपत्रकाचा वास. माझं मत ‘रीत’. त्रैराशिकाची रीत आपण म्हणतोच की.

मूळ शब्द नवव्या शतकात बगदादला काम केलेल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करायची, यावरच्या त्याच्या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर झालं आणि नावाचं ‘अल्गोरित्मी’ झालं. म्हणून लगेच ‘शब्द आपलाच’ म्हणू नका, अंक आपले, नाव त्याचं.

घोडबंदर: रीत ठीक, पण ‘इन्स्टाच्या अल्गोरिदमने हे रील दाखवलं’ इथे काय कराल? ‘इन्स्टाच्या रीतीने’?

घणसोली: तिथे मूळ वाक्यच ढिलं आहे. रील निवडतं ते विदा, म्हणजे डेटा, वापरून शिकवलेलं मॉडेल. शिकवायची रीत तीच ठेवून विदा बदलला की शिफारस बदलते. शिवाय कशाला जास्त गुण द्यायचे, पाहण्याच्या वेळेला की लाइकला, हे माणसं ठरवतात. तिथे ‘शिफारस यंत्रणा’ लिहा.

रीत बरोबर असून उत्तर चुकतं, त्याचं इथलंच उदाहरण. ठाण्याहून बेलापूरला जायचंय: थेट पनवेल लोकलची वाट बघायची, की समोरची वाशी लोकल पकडून सानपाड्याला उतरून हार्बर मार्गाची लोकल धरायची? कमीत कमी वेळाची वाट शोधायची, संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राची १९५९ साली प्रसिद्ध झालेली रीत अशी: सुरुवातीच्या स्थानकाला ० मिनिटं, बाकी सगळ्यांना अनंत, सगळ्यात कमी आकड्याचं स्थानक पक्कं करा, त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे सुधारा, पुन्हा तेच. आता नकाशात सानपाडा हा एकच बिंदू धरला, तर गाडी बदलायला शून्य मिनिटं लागतात असा हिशोब होतो आणि ॲप बिनदिक्कत बदलायला सांगतं. उपाय म्हणजे ट्रान्स-हार्बरचं (ठाणे-वाशी मार्गाचं) सानपाडा आणि हार्बरचं सानपाडा असे दोन बिंदू करायचे आणि त्यांच्यामध्ये जिना, फलाट, थांबण्याची मिनिटं घालायची. डाइक्स्ट्राच्या रीतीत अक्षर बदललेलं नाही, बदलला तो नकाशा.

नेरूळ_पूर्व: आणि समाजाचा संबंध इथेच येतो. समजा, अकरावीची जागावाटपाची रीत अशी आहे: गुणांच्या उतरत्या क्रमाने एकेक विद्यार्थी घ्यायचा, पसंतीक्रमात वरून पाहत जिथे जागा उरली तिथे बसवायचं. सोपं वाटतं. शेवटची एकच जागा उरली आणि दोघांचे गुण सारखे असले तर? तो नियम लिहिला नसेल तरी प्रोग्रॅम अडत नाही. यादीत ज्याचं नाव आधी त्याला जागा देऊन मोकळा होतो. कदाचित नुसत्या वर्णानुक्रमाने! पालकांना कळतं एवढंच, की ‘सिस्टिमने नाकारलं’. म्हणून बातमीत ‘अल्गोरिदमने ठरवलं’ लिहिण्याआधी विचारावं: निकष कोणी ठरवले, विदा कुठला, बरोबरी झाली तर काय.

कोपरीकर: म्हणजे लेखात पहिल्यांदा ‘अल्गोरिदम, म्हणजे नेमक्या पायऱ्यांची, संपणारी रीत’ आणि पुढे नुसतं ‘अल्गोरिदम’. पुल्लिंगी ना?

घणसोली: हो, तो अल्गोरिदम, अनेकवचनात ते अल्गोरिदम. अवांतर: मुद्रितं तपासताना ‘लॉगॅरिदम’ही शोधा. तो गणितज्ञ नेपियरचा १६१४ चा, ग्रीक मुळांचा शब्द. याच्याशी नातं नाही, पण टंकताना एकाच्या जागी दुसरा हमखास पडतो.