शब्दचर्चा : तालीम, मेहनत, लढत आणि आखाड्यातले इतर शब्द

शब्दशोधक :
शाळकरी मुलांच्या कुस्ती, ज्यूदो आणि मल्लखांब या तिन्ही वर्गांत चालेल अशी मराठी शब्दांची यादी करायची आहे. कोश उघडला तर तालीम, कसरत, मेहनत, सराव, व्यायाम हे सगळे एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले दिसतात. शिकवणारी मंडळी ते खरंच एकाच अर्थानं वापरतात का? 'वॉर्म-अप' आणि 'स्पॅरिंग' (जोडीदाराबरोबर डावांचा सराव) यांना आखाड्यात काय म्हणतात? आपण कोणत्या विद्येतले ते एका ओळीत सांगून लिहिलंत तर कुठला शब्द कुठला, हेही कळेल.

लालमाती :
मातीतली कुस्ती, पश्चिम महाराष्ट्र.

हे शब्द एक नाहीत, आणि फरक क्रियापदात सापडतो. तालीम 'दिली' जाते, मेहनत 'केली' जाते, लढत 'धरली' जाते, जोर 'मारले' जातात. तालीम मूळ अरबी, अर्थ शिकवण. म्हणून नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम हा योगायोग नाही, दोन्हीकडे कुणीतरी शिकवतो आणि दुसरा करून दाखवतो. पुढे जागेलाही तोच शब्द लागला. पुण्यातली चिंचेची तालीम, कोल्हापुरातल्या गंगावेश आणि मोतीबाग तालमी ही नावं जागेची, पण त्या जागेत वस्ताद असतो हे त्यात गृहीत आहे. नुसती उपकरणं भरलेल्या खोलीला तालीम म्हणू नये, तिला व्यायामशाळा हा शब्द पुरेसा आहे.

मेहनत म्हणजे जोर, बैठका, दोर चढणं, गदा किंवा करेला (जड लाकडी मुद्गल) फिरवणं, थोडक्यात ताकदीचं काम. त्यात समोर माणूस नसतो. लढत म्हणजे हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, जोडीदाराबरोबर डाव करून बघणं. बऱ्याच तालमींत पहाटे लढत आणि संध्याकाळी मेहनत असा क्रम असतो. कारण साधं आहे: मेहनतीनं खांदे भरलेले असताना डाव बसत नाही, पकड सुटते, आणि दमलेला गडी चुकीची सवय लावून घेतो.

वॉर्म-अपला वेगळा शब्द नाही, कारण ते काम हौदा उकरण्यातच होतं. लढतीआधी पोरं फावड्यानं सहा ते नऊ इंच माती खालीवर करतात, ढेकळं फोडतात आणि फळी ओढून सपाट करतात. त्यात कंबर, पाठ, मनगटं सगळं तापतं. 'आज हौदा कुणी उकरला?' हा प्रश्न हजेरीचाही असतो.

तातामी :
ज्यूदो, ठाणे.

'लढत' बद्दल एक शंका. वर्तमानपत्रात लढत म्हणजे थेट सामना. 'अंतिम लढत' वाचून मोठं झालेलं मूल वर्गात 'आता लढत' ऐकलं की जिंकायला धावतं, आणि आम्हाला नेमकं ते नको असतं. ज्यूदोत यासाठी 'रंदोरी' आहे. त्यात पडणं कमीपणाचं नाही. जोडीदाराला डाव पूर्ण करू द्यायचा असतो, आणि ताकदीनं अडवून धरणाऱ्याला शिक्षक हटकतात. हा अर्थ 'लढत' मध्ये येतो का?

लालमाती :
तालमीत येतो, बाहेर येत नाही. तालमीत 'लढत' आणि 'कुस्ती' वेगळ्या. लढतीला निकाल नसतो. चांगला वस्ताद वजनदार गड्याला सांगतो की लहान पोराला अंगावर घे, डाव लागू दे. निकाल असेल ती 'कुस्ती', आणि तिची क्रियापदं बघा :

कुस्ती जोडणं म्हणजे वजन आणि तयारी बघून जोडी ठरवणं. कुस्ती लावणं हे मैदान भरवणाऱ्याचं काम. कुस्ती मारली म्हणजे जिंकली. कुस्ती सोडवली म्हणजे वेळ होऊनही निकाल लागला नाही, पंचांनी दोघांना बाजूला केलं. 'निकाली कुस्ती' म्हणजे चीतपट होईपर्यंत चालणारी. तुमच्या यादीत मुलांसाठी 'सरावाची लढत' लिहा, प्रश्न सुटेल.

खानदेशी :
आमच्याकडे, आणि नाशिककडेही, जाहीर कुस्त्यांना 'दंगल' म्हणतात. पत्रिकेवर 'कुस्त्यांची विराट दंगल' असं छापलेलं असतं. पश्चिम महाराष्ट्रात 'मैदान' किंवा 'फड'. बेळगावकडे 'आखाडा' आणि 'मैदान' दोन्ही. यादी सगळ्या महाराष्ट्रासाठी असेल तर एकच शब्द प्रमाण ठरवू नका, शेजारी शेजारी द्या.

शब्दशोधक :
चीतपट हा शब्दही यादीत आहे. तो 'हरवणे' या अर्थानं सर्रास येतो. चूक म्हणायची का?

लालमाती :
राजकारणाच्या बातमीत चालू द्या, कुस्तीच्या बातमीत ती सरळ चूक आहे. चीत म्हणजे पाठीवर उताणा, पट म्हणजे पालथा. नाणं उडवताना हिंदीत 'चित या पट' विचारतात तेच हे. चीतपट कुस्ती म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकले. एक खांदा टेकला आणि दुसरा चार बोटं वर असेल तर कुस्ती झालेली नाही, आणि सगळी झुंज त्या चार बोटांसाठी असते.

गादीवर, म्हणजे मॅटवर, गुणांनी जिंकता येतं. खाली आणून ताबा घेतला की २ गुण, धोकादायक स्थितीत पाठ दाखवायला लावली की २, रिंगणाबाहेर ढकललं की १, मोठ्या फेकीला ४ किंवा ५. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते, ग्रीको-रोमनमध्ये, म्हणजे कंबरेखाली पकड न चालणाऱ्या प्रकारात, ८ गुणांवर. अशी १०-० जिंकलेली कुस्ती एकतर्फी असते, पण चीतपट नसते. त्यात हरलेल्या गड्याची पाठ कदाचित एकदाही पूर्ण टेकलेली नसते. त्याच्याबद्दल 'अस्मान दाखवलं' छापणं हा त्याच्यावर अन्याय आहे. 'गुणाधिक्यावर विजय' हा शब्द तयार आहे, तो वापरावा.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी भिडतात, त्यामुळे निदान तिथल्या वार्ताहरांना तरी हा भेद माहीत असायला हवा.

तातामी :
मग 'धोबीपछाड' चं काय? तो तर निवडणुकीच्या निकालापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे असतो. माझ्या मते हा ज्यूदोतला 'इप्पोन सेओई नागे', म्हणजे एक हात धरून खांद्यावरून फेकणं. डावाचं वर्णन मिळालं तर पडताळता येईल.

लालमाती :
तोच. उजव्या हातावरचा डाव सांगतो.

पहिलं काम ओढ. जोडीदाराचा उजवा हात डाव्या हातानं मनगटापाशी धरून पुढे आणि किंचित वर ओढायचा, त्याच्या टाचा हलक्या झाल्या पाहिजेत. मग उजवा पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये टाकून वळायचं, आपली पाठ त्याच्या छातीला चिकटवायची. त्याच वेळी आपला उजवा हात त्याच्या काखेखालून घालून दंड आवळायचा, त्याची काख आपल्या खांद्यावर बसली पाहिजे. गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेच्या खाली न्यायची. शेवटी गुडघे सरळ करत पुढे वाकायचं आणि धरलेला हात आपल्या डाव्या गुडघ्याकडे खेचायचा. धोबी कपडा दगडावर आपटतो ती हालचाल, म्हणून नाव.

फसतो कुठे? शंभरातली बहुतेक पोरं ओढ न देताच वळतात. समोरचा दोन्ही टाचांवर घट्ट उभा असतो, आणि वळलेल्या गड्याची पाठ त्याला आयती मिळते. तो कंबरेला मिठी घालून 'कब्जा' घेतो, म्हणजे मागून ताबा. दुसरी चूक कंबर उंच राहणं. मग सगळा भार आपल्या मणक्यावर येतो आणि फेक कडेला घसरते. तिसरी, पाठ आणि छाती यांत फट राहणं. त्या फटीतून तो आपली कंबर पुढे काढतो आणि डाव मोडतो.

तातामी :
तंतोतंत. ज्यूदोत पहिल्या पायरीला 'कुझुशी' म्हणतात, म्हणजे तोल मोडणं. ती स्वतंत्र पायरी म्हणून शिकवतात, फेक न करता पन्नास वेळा नुसती ओढ आणि वळण. मुलांच्या वर्गात ही पद्धत कुस्तीलाही उपयोगी पडेल.

'कलाजंग' हा आमचा 'काता गुरुमा', माणूस दोन्ही खांद्यांवर आडवा घेऊन टाकण्याचा. पण इथे नियमांचा फरक यादीत लिहाच. ज्यूदोच्या स्पर्धेत पायाला हात लावण्यावर २०१० पासून निर्बंध आले आणि २०१३ पासून ती पकड पूर्ण बंद झाली. त्यामुळे कुस्तीतला एकेरी पट किंवा दुहेरी पट घेऊन ज्यूदोत उतरलेलं मूल दंड घेऊन बाहेर येतं.

खानदेशी :
'पट' हा शब्द कुठला? कापड किंवा पटाशी संबंध लागत नाही.

लालमाती :
पंजाबीत पट्ट म्हणजे मांडी. एकेरी पट म्हणजे एक मांडी कवळणं, दुहेरी पट म्हणजे दोन्ही. शाहू महाराजांच्या काळात उत्तरेचे मल्ल कोल्हापुरात येत, राहत, शिकवत. शब्द त्यांच्याबरोबर आला असावा असं मला वाटतं. वरच्या 'चीतपट' मधला पट वेगळा, तो पालथा.

ताजवा :
मल्लखांब प्रशिक्षक, मुलींचा आणि मुलांचा दोन्ही वर्ग.

आमचे शब्द यादीत येणार असतील तर ते त्यांच्या साध्या अर्थासह द्या, मुलांना हालचाल लगेच कळते. ताजवा म्हणजे तराजू, म्हणून तोलाचे प्रकार ते ताजवे. फरारा म्हणजे निशाण, शरीर खांबापासून आडवं ताणून धरायचं. सुईदोरा म्हणजे हात आणि खांब यांच्यामधल्या जागेतून अंग ओवून काढणं. वेल म्हणजे खांबाला वळसे घेत वर चढणं. उतरती नावातच आहे. खांबाचे भाग तीन : वरचं बोंड, त्याखालची मान आणि मग अंग. पुरलेला खांब जमिनीवर साधारण आठ-साडेआठ फूट असतो, वर निमुळता होत जातो. सागवान किंवा शिसव. टांगता, निराधार आणि दोरीचा हे वेगळे प्रकार. दोरीवर गाठ न मारता सगळं करायचं असतं.

'अढी' वर थोडं जास्त लिहिते, कारण तिथेच मुलं अडतात. मनातली अढी आणि पायाची अढी यांत एकच कल्पना आहे, पीळ किंवा तिढा. मल्लखांबावर साधी अढी म्हणजे दोन्ही हातांनी खांब कवळून, खांद्याचा टेका देऊन कंबर वर न्यायची आणि डोकं खाली असताना पायांनी खांबाला पीळ घालायचा. एक पाय पुढून, एक मागून. मांड्या आवळल्या की अढी बसली, मग हात सोडता येतात. बसत नाही तेव्हा दोष बहुधा पायांचा नसतो. मूल कंबर खांबापासून लांब ठेवतं, सगळं वजन दंडावर येतं, पाय पोचेपर्यंत हात सुटतात. उपाय म्हणजे कंबर खांबाला चिकटवून नुसती वर नेण्याचा वेगळा सराव, पाठीशी शिक्षकाचा हात ठेवून.

एरंडेल किती लावायचं हेही सांगते. तळहाताला आणि खांबाला पातळ हात फिरला पाहिजे, ओघळ दिसता कामा नये. कोरड्या खांबावर मांडीची साल निघते. जास्त झालं तर अढी घसरते आणि मूल बोंडाला हात लावायच्या आत खाली येतं. खांबाभोवती गादी हवीच.

पट्टेकरी :
मर्दानी खेळ, कोल्हापूर.

'पवित्रा' यादीत घ्या आणि त्याचा अर्थ 'भूमिका' असा देऊ नका. बातम्यांत 'आक्रमक पवित्रा घेतला' म्हणजे माणूस एका जागी ठाम उभा. आमच्याकडे पवित्रा म्हणजे पायांची चाल. गुडघे सैल, वजन चवड्यावर, पाऊल टाकताना पाय एकमेकांना ओलांडून अडकू नयेत. तो 'घेतात' त्यापेक्षा 'बदलतात' जास्त. नव्या मुलाच्या हातात पहिले काही आठवडे काहीच देऊ नये, नुसते पवित्रे करून घ्यावेत. मग लाठी, उभं राहिल्यावर कानाच्या पाळीपर्यंत येईल एवढी. मग फरीगदका, म्हणजे ढाल आणि चामड्यानं मढवलेली काठी. दांडपट्टा सगळ्यात शेवटी.

पट्ट्याबद्दल मुद्दाम लिहितो. त्याची मूठ खोबळ्याच्या, म्हणजे धातूच्या हातमोज्याच्या, आत आडवी असते आणि खोबळा हात कोपरापर्यंत झाकतो. त्यामुळे मनगट वळतच नाही. तलवारीची सवय असलेला मनगटानं वार करायला जातो आणि पातं स्वतःच्याच पायाकडे येतं. पट्टा खांद्यातून आणि कंबरेतून फिरतो, आणि कंबर फिरते ती पवित्र्यामुळे. लवचीक पातं उशिरा थांबतं, हात थांबला तरी टोक पुढे जातं. म्हणून फिरवणाऱ्याभोवती चारही बाजूंना दहा फूट मोकळे हवेत, आणि मुलांची रांग त्याच्या मागेही लावू नये.

शब्दशोधक :
खूप मिळालं. शेवटचा प्रश्न 'खुराक' आणि 'लंगोट' चा. यादीत घ्यायचे का?

लालमाती :
दोन्ही घ्या. खुराक म्हणजे पैलवानाचं नेमून दिलेलं खाणं, आणि थंडाई त्याचा भाग. थंडाई 'वाटत' नाहीत, 'घोटतात'. वीस-पंचवीस बदाम रात्रभर भिजवून सोलायचे, खसखस, बडीशेप, चार-पाच काळी मिरी आणि वेलदोडा घालून कुंडीत सोट्यानं घोटायचे, मग दूध. मिक्सरमध्ये फिरवलं तर बदामाचा कण राहतो आणि पेय तळाशी बसतं. एवढे बदाम मेहनत करणाऱ्या मोठ्या गड्यासाठी, शाळकरी मुलाला पाच-सहा पुष्कळ.

लंगोट शब्दाबरोबर 'लंगोटाचा पक्का' हा प्रयोग येतो, ब्रह्मचर्य पाळणारा या अर्थी. मुलींच्या वर्गात ही यादी जाणार असेल तर त्या अर्थाऐवजी 'नेमाचा पक्का' लिहा. पहाटेची वेळ, खाणं, झोप आणि वस्तादाचा शब्द, एवढा नेम मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच लागतो.

ताजवा :
'वस्ताद' ला स्त्रीलिंगी रूप करू नका. आमच्याकडच्या कुस्तीच्या वर्गात मुली बाईंनाही 'वस्ताद' च म्हणतात.