मदत हवी आहे: ‘सोबत वाढतं’ आणि ‘यामुळे वाढतं’ यातला फरक कसा शिकवू?

अकरावीला संख्याशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात आइस्क्रीमचा खप वाढतो, बुडून होणारे मृत्यूही वाढतात. दोन्हींमागे ऊन आहे, हे मुलांना लगेच पटतं. अडतं ते सिगारेटपाशी. १९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. पुढे फिशरसारखा संख्याशास्त्रातला दिग्गज म्हणाला, दोन्हींचं मूळ आनुवंशिकतेत असू शकेल. तर्क म्हणून यात चूक काय? माणसांना मुद्दाम सिगारेट ओढायला लावून प्रयोग तर करता येत नाही. मग हा संशय नेमका कशाने फिटला? जास्त ओढणाऱ्यांना धोका जास्त, सोडल्यावर कमी, एवढं पुरतं का? एका विद्यार्थिनीने हेच विचारलं, मला धड उत्तर देता आलं नाही. तिला अर्धवट काही सांगायचं नाहीये. सोप्या मराठीत कोणी समजावेल का?